सुळेभावीच्या बसमधले भांडण दोन राज्यांचे कसे झाले

२१ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार. बेळगावजवळच्या सुळेभावी–बाळेकुंद्री भागात धावणाऱ्या वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाच्या बसमध्ये एक मुलगी आणि तिच्याबरोबरचा एक मुलगा बसले होते. कंडक्टर तिकिटे फाडत त्यांच्यापाशी आला. पुढे काय घडले ते त्याने नंतर पत्रकारांना सांगितले. मुलीने मराठीत दोन मोफत तिकिटे मागितली. जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजना सुरू आहे. त्या राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसने फुकट प्रवास करता येतो, पण तिकीट शून्य रुपयांचे असले तरी ते घ्यावे लागते. ही सवलत पुरुषांना नाही. दुसरे तिकीट कोणासाठी, असे कंडक्टरने विचारले, मला मराठी येत नाही, कन्नडमध्ये बोला, असे सांगितले आणि वाद पेटला. बसमधल्या काही जणांनी त्याला मारले. बस थांबल्यावर बाहेर आणखी माणसे गोळा झाली आणि त्यांनीही मारले. एक्कावन्न वर्षांचा हा माणूस इस्पितळात दाखल झाला. मारिहाळ पोलिसांनी काही तरुणांना ताब्यात घेतले. मुलीच्या बाजूने कंडक्टरविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार दाखल झाली आणि मुलगी अल्पवयीन असल्यामुळे त्यात पोक्सोची, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याची, कलमे लागली.

एवढीच घटना असती, तर बेळगावच्या दैनिकांत आतल्या पानावर दोन दिवस चालली असती. एसटीत तिकिटावरून, सुट्या पैशांवरून, थांब्यावरून रोज वाद होतात. कंडक्टरला मारहाण झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रातही येतात, आणि तिथे दोन्ही बाजू मराठीच बोलत असतात. हे भांडण मात्र चोवीस तासांच्या आत बेळगाव जिल्ह्याच्या बाहेर गेले आणि महिनाभर दोन राज्ये त्यात अडकून पडली. म्हणून ते टप्प्याटप्प्याने पाहण्याजोगे आहे.

त्याच रात्री चित्रदुर्गजवळ बंगळुरूहून मुंबईकडे निघालेली महाराष्ट्राची एसटी काही कन्नड कार्यकर्त्यांनी अडवली. चालकाला खाली उतरवून मारहाण केली आणि त्याच्या तोंडाला काळे फासले. चित्रदुर्ग बेळगावपासून सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. त्या चालकाचा सुळेभावीशी काहीही संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी कर्नाटकात जाणाऱ्या एसटी गाड्या थांबवण्याचा आदेश दिला. पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. कर्नाटकनेही आपल्या गाड्या सीमेवरच रोखल्या. कर्नाटकचे परिवहनमंत्री रामलिंगा रेड्डी जखमी कंडक्टरची भेट घेऊन गेले, कन्नड संघटनांचे मोर्चे बेळगावात आले, आणि २२ मार्चला कन्नड चळवळीतले नेते वाटाळ नागराज यांच्या पुढाकाराने ‘कर्नाटक बंद’ झाला. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीवर बंदी घाला, हीही त्या बंदची एक मागणी होती.

या साखळीतली प्रत्येक पुढची कडी त्या बसपासून अधिक दूरची आहे. सुरुवातीला भांडणारी माणसे एकमेकांना निदान पाहत तरी होती. चित्रदुर्गच्या जमावाने कंडक्टरला पाहिले नव्हते, पुण्यात काळे फासणाऱ्यांनी चित्रदुर्गच्या चालकाला पाहिले नव्हते, आणि बंदची हाक बंगळुरूतून आली तेव्हा ती मुलगी, तो कंडक्टर, ते तिकीट यांच्याशी कोणालाच घेणेदेणे उरलेले नव्हते. उरली होती फक्त दोन पात्रे, ‘मराठी’ आणि ‘कानडी’.

मी कोल्हापूरच्या बाजूचा आहे आणि मराठी वाचकांसाठी लिहितो आहे, म्हणून आधी आपल्या बाजूचे बोलतो. त्या दिवशी कंडक्टरला मारणे हा गुन्हा होता. मराठी माणसावर सीमाभागात अन्याय झाला आहे, हे खरे असूनही तो गुन्हाच होता. मुलीशी तो चुकीचे वागला असेल, तर तक्रार करायला पोलीस ठाणे होते, आणि तक्रार केलीही गेली. ज्यांनी हात उचलला त्यांनी बेळगावच्या मराठी माणसाची बाजू एका दुपारी जेवढी कमकुवत केली, तेवढी बंगळुरूच्या कुठल्याच सरकारला करता आली नसती. दुसऱ्या दिवसापासून कर्नाटकच्या वाहिन्यांवर सीमाभागातल्या मराठी शाळांचा, कागदपत्रांचा प्रश्न नव्हता. तिथे मार खाल्लेला एक कंडक्टर होता.

आता मार खाल्लेल्या दोघांकडे नीट बघू. एक कंडक्टर, एक चालक. दोघेही सरकारी महामंडळाचे नोकर, दोघेही पगारावर घर चालवणारे, दोघांच्याही अंगावर गणवेश. दोन राज्यांमधल्या भांडणात हीच माणसे पुन्हा पुन्हा का सापडतात? कारण राज्य त्यांच्या अंगावर लिहिलेले असते. मुख्यमंत्र्यांच्या भोवती पोलीस असतात, उद्योजकाच्या गाडीवर भाषा लिहिलेली नसते, पण बसच्या अंगावर महामंडळाचे नाव मोठ्या अक्षरात असते आणि नंबरप्लेटवर ‘एमएच’ किंवा ‘केए’. नेमून दिलेल्या वेळी, नेमून दिलेल्या रस्त्याने ती येणारच असते. डिसेंबर २०२२ मध्येही हेच झाले होते. तेव्हा बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकवर दगड पडले आणि लगोलग पुण्यात कर्नाटकच्या बसवर काळा रंग. ट्रकमध्ये माल कोणाचा होता, चालक कुठल्या राज्यातला होता, हे कोणी विचारले नाही.

काळे फासण्याचा इतिहासही जुना आहे. बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केल्यानंतर नोव्हेंबर २००५ मध्ये महापौर विजय मोरे बंगळुरूला गेले असता त्यांच्या तोंडाला काळे फासण्यात आले. तो फोटो सीमाभागात आजही विसरला गेलेला नाही, आणि विसरू नये. पण महापौर निदान ठरावामागे उभा असलेला लोकप्रतिनिधी होता. वीस वर्षांनी तेच काळे एका एसटी चालकाच्या तोंडाला लागले, ज्याने आयुष्यात सीमाप्रश्नावर एक ठरावही मांडला नसेल. राग तोच राहिला आणि लक्ष्य मात्र अधिकाधिक दुबळे होत गेले.

पार्श्वभूमी मराठी वाचकाला तोंडपाठ असते, तरी दोन-चार गोष्टी मांडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना कायद्याने बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याआधी दहा वर्षे, मे १९४६ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राची मागणी ज्या साहित्य संमेलनात ठामपणे मांडली गेली ते संमेलन बेळगावातच भरले होते. म्हणजे ज्या गावाने महाराष्ट्राची मागणी केली तेच गाव महाराष्ट्राबाहेर राहिले. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर या सीमावादासाठी १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, २४७ गावे कर्नाटकला द्यावीत, आणि बेळगाव शहर आहे तिथेच राहावे, असे त्यात म्हटले होते. महाराष्ट्राने तो फेटाळला. कर्नाटकने तो शेवटचा शब्द मानला. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाचा निकाल येण्याआधीच कर्नाटकने बेळगावात विधिमंडळाची अधिवेशने भरवायला सुरुवात केली, २०१२ मध्ये त्यासाठी सुवर्ण विधानसौध ही इमारत उभी केली, आणि २०१४ मध्ये शहराचे नाव ‘बेळगावी’ केले.

हे सगळे कागदावरचे. माणसांनी भोगलेले वेगळे. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबारात माणसे मेली. २०१४ च्या जुलैत येळ्ळूरला ‘महाराष्ट्र राज्य’ असे लिहिलेला फलक पोलिसांनी काढला आणि घराघरांत घुसून लोकांना मारले. दरवर्षी १ नोव्हेंबरला अर्धे शहर कर्नाटकच्या स्थापनेचा राज्योत्सव साजरा करते आणि अर्धे काळा दिवस पाळते. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी समितीचा महामेळावा असतो आणि त्याला परवानगी नाकारली जाते. अशा वातावरणात वाढलेल्या तरुणाला ‘कन्नडमध्ये बोला’ हे वाक्य नुसती विनंती म्हणून ऐकू येत नाही. त्याला त्यात शाळेचा फलक, सातबाऱ्याचा उतारा, वीजबिल, पोलिसाची काठी, सगळे एकत्र ऐकू येते. हे समजून घेतले पाहिजे. समजून घेतल्याने मारहाण माफ होत नाही, पण ती कुठून आली ते दिसते.

कंडक्टरच्या बाजूनेही तेच वाक्य उलट फिरवून पाहता येते. त्याला त्याच्या राज्यात, त्याच्या महामंडळाच्या बसमध्ये, राज्याच्या भाषेत बोला म्हटल्याबद्दल मार बसला. बंगळुरूला कामावर जाणाऱ्या, तिथल्या दुकानांत आणि कंपन्यांत कन्नड ऐकू येईनाशी झाल्याने आधीच अस्वस्थ असलेल्या कन्नड माणसाला हे कसे दिसले असेल? आपल्याच घरात आपल्या भाषेसाठी मार. दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवी, असा कायदा कर्नाटकने २०२४ मध्ये केला तो याच अस्वस्थतेतून. त्या अस्वस्थतेचे मूळ बेळगावात फारसे नाही. ते बंगळुरूत आहे आणि त्याचा मराठीशी संबंध थोडा. पण राग काढायला बेळगाव हाताशी आहे.

शेजाऱ्याबद्दलचा पूर्वग्रह आणि लांबच्या माणसाबद्दलचा पूर्वग्रह यांत एक फरक आहे. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. मणिपूरच्या माणसाला मराठी आली नाही, तर पुण्यात कोणी चिडत नाही. येत नसेल, एवढेच वाटते. बेळगावच्या कंडक्टरला मराठी आली नाही, तर ‘येत असणार, मुद्दाम बोलत नाही’ असे वाटते. शेजारी इतका जवळ असतो की त्याच्या अज्ञानावर आपला विश्वासच बसत नाही. त्याचे न कळणे आपल्याला नकार वाटते. सुळेभावीच्या घटनेनंतर मी आपल्याकडे हे वाक्य अनेकदा ऐकले: ‘इतकी वर्षे बेळगावात नोकरी करून मराठी येत नाही म्हणजे काय?’ आणि कन्नड संघटनांचे वर्षानुवर्षांचे वाक्य असे: ‘इतक्या पिढ्या कर्नाटकात राहून कन्नड येत नाही म्हणजे काय?’ दोन्ही वाक्ये एकाच साच्यातली आहेत. दोन्हींत समोरच्याचा हेतू आधीच ठरलेला आहे.

खरे म्हणजे बेळगाव जिल्ह्यात दोन्हींपैकी एकच भाषा येणे सहज शक्य आहे. बैलहोंगल किंवा गोकाकच्या बाजूला वाढलेल्या माणसाला मराठीची गरज क्वचितच पडते. उचगाव, कंग्राळी, येळ्ळूरकडच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलीचे घर, बाजार, देऊळ सगळे मराठीत चालते, आणि कन्नड तिला सरकारी कचेरीच्या खिडकीपाशीच भेटते. सुळेभावी–बाळेकुंद्री हा शहराच्या पूर्वेकडचा, दोन्ही भाषा एकमेकींत मिसळलेला पट्टा आहे. तिथे बसमध्ये एक जण एका भाषेत आणि दुसरा दुसऱ्या भाषेत बोलणार, हे गृहीतच धरायला हवे. याच सुळेभावीत १९२४ मध्ये शिवपुत्र कोमकळी जन्मले. घरची भाषा कन्नड. पुढे मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकले आणि कुमार गंधर्व म्हणून मराठी रसिकांनी त्यांना आपले मानले. सुळेभावी हे नाव आपल्या कानावर यायचे, तर त्यांच्यामुळे यायला हवे होते.

साचे आणखीही आहेत. कानडी माणूस हेकट, भाषेचा कडवा, हिशेबात पक्का, असे आपण म्हणतो. साठच्या दशकात मुंबईत दक्षिणेकडच्या लोकांना ‘लुंगीवाले’ म्हणून हिणवले गेले. त्यात उडपी हॉटेले चालवणारी तुळू आणि कन्नड माणसेही आली, तमिळ आणि मल्याळीही आली. कोण कुठला ते पाहायची कोणाला गरज वाटली नाही. तिकडे मराठी माणूस म्हणजे इथले मीठ खाऊन महाराष्ट्राचे गोडवे गाणारा, समितीचा पुंड, मुंबईच्या नेत्यांच्या तालावर नाचणारा. सीमाभागात राहणाऱ्याला दोन्ही साचे कसे खोटे आहेत हे रोज दिसते, पण साचे तयार होतात ते सीमेपासून लांब.

सीमाभागातला माणूस आपल्याच राजधानीतही हसण्याचा विषय असतो, याची चर्चा फारशी होत नाही. बेळगावची मराठी कानडी हेल काढून बोलतात म्हणून पुण्या-मुंबईत तिची नक्कल होते. विनोदी पात्राला बेळगावी बोली द्यायची, हा जुना रिवाज आहे. हुबळी-धारवाड, बेळगावकडच्या कन्नडमध्ये मराठी आणि उर्दूचे शब्द मिसळलेले असतात म्हणून म्हैसूर-बंगळुरूकडे तिला रांगडी समजतात. म्हणजे ज्यांच्या भाषेच्या नावाने ही भांडणे होतात, त्यांची भाषा दोन्ही राजधान्यांना पुरेशी शुद्ध वाटत नाही. बेळगावच्या मराठी माणसासाठी महाराष्ट्रात मोर्चे निघतात, पण तो पुण्यात नोकरीला आला की पहिल्या आठवड्यात त्याला ‘तू कानडी का रे?’ असे विचारले जाते. मी हे माझ्या नातलगांच्या बाबतीत पाहिले आहे आणि त्यांना ते किती लागते तेही पाहिले आहे.

आता आरसा. २०२५ च्याच जून-जुलैत मीरा रोडला एका मिठाईच्या दुकानदाराला मराठीत न बोलल्यावरून मनसेच्या कार्यकर्त्यांनी कानशिलात लगावल्या. त्या वेळी आपल्यातल्या कितीतरी जणांनी मारहाण वाईट पण मुद्दा बरोबर, अशी भूमिका घेतली. महाराष्ट्रात धंदा करायचा तर मराठी आलीच पाहिजे. ठीक. मग कर्नाटकच्या बसमध्ये कन्नड बोला म्हणणारा कंडक्टर कोणत्या न्यायाने चुकला? आणि सुळेभावीच्या मुलीला तिच्या घरची भाषा बोलण्याचा हक्क आहे असे आपण म्हणतो, तर मीरा रोडच्या दुकानदाराला तो का नाही? दोन्हीकडे एकच नियम लावायचा, तर आपल्याला एक काहीतरी सोडावे लागते. माझे स्वतःचे मत असे आहे की राज्याच्या भाषेचा आग्रह राज्याने आपल्या कारभारात, शाळांत, पाट्यांवर धरावा. बसमधल्या, दुकानातल्या माणसाच्या तोंडातून ती जबरीने काढायला कोणी जाऊ नये, मग तो मराठी असो की कन्नड.

कर्नाटकलाही हाच आरसा दाखवता येतो. केरळमधल्या कासरगोडचा उत्तर भाग कर्नाटकला द्यावा, असे महाजन आयोगानेच म्हटले होते. तो केरळमध्येच राहिला. २०१७ मध्ये केरळने शाळांत मल्याळम सक्तीची केली, तेव्हा कासरगोडचे कन्नड लोक रस्त्यावर उतरले. आम्हाला आमच्या भाषेत शिकू द्या, कागद आमच्या भाषेत द्या, असे म्हणाले. बेळगावचा मराठी माणूस याहून वेगळे काय मागतो? आणि महाराष्ट्राच्या जत तालुक्यातली, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरातली कन्नड गावे? तिथे जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, ही चांगली गोष्ट आहे आणि ती आपण कर्नाटकला अभिमानाने सांगायला हवी. पण पाण्यासाठी तडफडून त्याच जतच्या गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. २०२२ मध्ये मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी ते ठराव उकरून काढले, तेव्हा कुठे म्हैसाळच्या विस्तारित पाणी योजनेला मुंबईत वेग आला. भाषिक अल्पसंख्याक कुठल्याही बाजूला असो, त्याची आठवण राज्यांना भांडणाच्या वेळीच येते.

घटनेत यासाठी तरतुदी आहेत. कलम ३५० अ मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण देण्यास सांगते. ३५० ब नुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी आहे. ज्या भागात एखादी अल्पसंख्य भाषा बोलणारे पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त आहेत, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असे राज्यांनी फार पूर्वीच मान्य केले आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी तालुक्यांची मराठी माणसे वर्षानुवर्षे हेच कागद घेऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात उभी आहेत. ही मागणी राज्य बदलण्याची नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काहीही येवो, ती आज पुरी करता येते. शक्ती योजनेचा नियम त्या बसमध्ये कन्नड आणि मराठीत लिहून लावलेला असता, तर मुलाचे तिकीट फुकट मिळत नाही हे कंडक्टरला तोंडाने समजवायची वेळच आली नसती.

बस बंद होण्याची किंमत कोणी मोजली, तेही पाहू. कोल्हापूर–बेळगाव रस्ता कागल, निपाणी, संकेश्वर, यमकनमर्डीवरून जातो. त्यावर रोज शिकणारी मुले, दवाखान्यात जाणारे म्हातारे, माहेरी निघालेल्या बायका, तंबाखूचे आणि गुळाचे व्यापारी असतात. सोयरिकी दोन्हीकडे आहेत. घटनेच्या नऊ दिवस आधी माघी पौर्णिमा होती. रायबाग तालुक्यातल्या चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला सांगली-कोल्हापूरकडून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरभरून गेले होते. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्माला कोल्हापुरातून एसटीच्या जादा गाड्या सुटतात. डोंगरावर मराठी माणूस ‘उदं गं आई उदं’ म्हणतो, शेजारचा कन्नड माणूस ‘उधो उधो’. परतल्यावर कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील-घुगऱ्यांचा नैवेद्य होतो. या माणसांना स्वतःची गाडी नसते. एसटी सीमेवर थांबली की ती सामानासकट खाली उतरतात, पलीकडे चालत जातात आणि वडापला, म्हणजे खासगी जीपगाडीला, दुप्पट पैसे मोजतात. गाड्या बंद करण्याचा आदेश काढणाऱ्याला एक दिवसही त्या रस्त्यावर उभे राहावे लागले नाही.

एसटी कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेची काळजी खरी होती, हे मी मान्य करतो. चित्रदुर्गनंतर चालकांना तिकडे पाठवणे धोक्याचे होते. पण गाड्या पोलीस संरक्षणात, दिवसा, सीमेपासून निपाणी-बेळगावपर्यंत तरी चालवता आल्या असत्या. दोन्ही महामंडळांचे आपसांत परस्पर वाहतुकीचे करार असतात, अधिकारी एकमेकांना ओळखतात. मंत्र्यांनी वाहिन्यांशी बोलण्याआधी एकमेकांना फोन करून एकच निवेदन काढायला हवे होते: दोघा कर्मचाऱ्यांवर हात टाकणाऱ्यांवर गुन्हे दाखल होतील, दोघांच्या उपचारांचा खर्च दोन्ही महामंडळे करतील, गाड्या चालू राहतील. सरनाईकांनी बेळगावच्या कंडक्टरची चौकशी केली असती आणि रेड्डींनी चित्रदुर्गच्या चालकाची, तर पुढचा महिना वेगळा गेला असता, असे मला खात्रीने वाटते. प्रत्येक मंत्री आपल्याच राज्याच्या जखमीच्या बाजूने उभा राहिला आणि ‘आपला’ व ‘त्यांचा’ ही वाटणी सरकारी झाली.

या सगळ्यात शहाणपणाने वागणारे कोणी असेल, तर ते मुलीचे कुटुंब. काही दिवसांनी त्यांनी जाहीरपणे सांगितले की आमची तक्रार आम्ही मागे घेत आहोत, या प्रकरणाला कन्नड-मराठीचा रंग देऊ नका, आमच्या मनात तसा भेद नाही. त्यांच्यावर दबाव होता का, असा प्रश्न आपल्याकडे लगेच विचारला गेला. असेलही. पण त्या लोकांना उद्या त्याच गावात, त्याच बसने, त्याच शेजाऱ्यांबरोबर राहायचे आहे. पुण्यात काळे फासणाऱ्याला तसे राहायचे नाही, बंगळुरूत बंद पुकारणाऱ्यालाही नाही.

त्यांच्या म्हणण्याने साखळी थांबली नाही. बंद झाला, समितीवर बंदीची मागणी विधानसौधापर्यंत गेली, आपल्याकडून उलट इशारे आले. मग हळूहळू गाड्या सुरू झाल्या आणि विषय वर्तमानपत्रांतून नाहीसा झाला. पुढच्या वेळी तो दुसऱ्या मार्गावरच्या बसमधून सुरू होईल. म्हणून आत्ताच करण्याजोगी कामे आत्ताच व्हायला हवीत. सीमाभागातल्या दोन्ही राज्यांच्या प्रत्येक बसमध्ये सवलतींचे नियम दोन्ही भाषांत लावा. सीमेच्या आगारांत नेमलेल्या कंडक्टरांना दुसऱ्या भाषेची पंचवीस-तीस कामापुरती वाक्ये शिकवा आणि त्यासाठी भत्ता द्या. दोन्ही महामंडळांनी एक समन्वय अधिकारी नेमावा आणि त्याचा फोन नंबर बेळगाव, निपाणी, कागल, कोल्हापूरच्या स्थानकांवर लिहावा. महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आरोग्य विम्याची योजना लागू केली, त्यावर कर्नाटकने आक्षेप घेतला आणि वर्तमानपत्रांना खाद्य मिळाले. त्यापेक्षा जतच्या कन्नड शाळेत रिकाम्या असलेल्या शिक्षकांच्या जागा महाराष्ट्राने भराव्यात, आणि मग खानापूरच्या मराठी शाळांसाठी तीच मागणी कर्नाटककडे करावी.